स्पीडक्युबिंग

रुबिक क्यूब किंवा तत्सम घनकोडे सरावाने उत्तरोत्तर कमी वेळात सोडवण्याचा छंद व क्रीडाप्रकार. घनकोड्याची रचना बुडापेस्ट येथील वास्तुशास्त्राचे अध्यापक एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये केली. अमेरिकेतील लॅरी निकोल्स यांना चुंबकांनी जोडलेल्या २×२×२ घनाचे एकस्व (पेटंट) १९७२ मध्येच मिळाले होते, म्हणून जनकत्वाचा वाद अधूनमधून निघतो. परंतु ३×३×३ घनाची प्रचलित अंतर्रचना पाहता श्रेय रुबिक यांना देणेच योग्य वाटते. या घनाच्या ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० मांडण्या संभवतात. कोणतीही मांडणी जास्तीत जास्त २० चालींत (चाल म्हणजे एका बाजूचा थर एकदा फिरवणे) सुटते, हे २०१० मध्ये सिद्ध झाले.

सर्वाधिक प्रचलित पद्धती सीएफओपी; हे नाव तिच्या टप्प्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांचे. तिचे चार टप्पे: तळाचा क्रॉस (तळाच्या रंगाची अधिक-चिन्हासारखी फुली), पहिले दोन थर कोपरा व कडेचा तुकडा अशा जोडीजोडीने भरणे (एफटूएल), वरच्या थराचा रंग एकसारखा करणे (ओएलएल, ५७ प्रकार) आणि त्या थरातील तुकडे जागच्या जागी नेणे (पीएलएल, २१ प्रकार). ही पद्धती आजही अनेक जण ‘फ्रिडरिक पद्धती’ म्हणून शिकवतात. जेसिका फ्रिडरिक यांनी १९९७ च्या सुमारास ती इंटरनेटवर सविस्तर मांडली आणि तेथूनच तिचा प्रसार झाला, यात शंका नाही. तथापि पहिले दोन थर एकत्र भरण्याची कल्पना त्यांची नव्हे. ती सामान्यतः १९८१ च्या आसपास नेदरलँड्सचे रेने स्खोफ यांच्याकडे जाते. १९८२ च्या बुडापेस्ट स्पर्धेत फ्रिडरिक साधी थरपद्धती वापरत होत्या, तर त्या कल्पनेचे प्राथमिक रूप एका डच स्पर्धकाकडे होते, असे घनकोड्याचे अभ्यासक, गणितज्ञ डेव्हिड सिंगमास्टर यांच्या वृत्तान्तावरून दिसते. शेवटचा थर आधी रंग, मग जागा अशा दोन भागांत सोडवण्याची सूचना हान्स डॉकहॉर्न व आनेका ट्रेप यांची मानतात. त्यामुळे व्यक्तिनामापेक्षा ‘सीएफओपी’ हे टप्प्यांवरून पडलेले नाव अधिक न्याय्य आहे. रू आणि पेट्रस या अन्य पद्धती.

या पद्धतीत एक घन सोडवायला साधारण ५५ ते ६० चाली लागतात. सेकंदाला चार चाली जमणाऱ्या मुलाला १५ सेकंद पुरायला हवेत. त्याला ३५ लागत असतील तर उरलेली २० सेकंदे पुढचा तुकडा शोधण्यात गेलेली असतात. वेग बोटांइतकाच, किंबहुना अधिक, नजरेचा असतो तो असा. ‘आर, यू, आर-डॅश, यू-डॅश’ ही चार चालींची चौकडी घ्या (आर म्हणजे उजवा थर, यू म्हणजे वरचा; डॅश म्हणजे उलट दिशेने). उजवे मनगट वर जाते, उजवी तर्जनी वरचा थर मागून ओढते, मनगट खाली येते, डावी तर्जनी थर परत नेते. सहा वेळा केली की घन मूळ मांडणीवर येतो. हात दोन दिवसांत शिकतात. हात हे करत असताना डोळ्यांनी पुढची जोडी हेरायला महिने लागतात. त्यासाठी मुद्दाम संथ, पण न थांबता सोडवणे हाच खात्रीचा उपाय आहे. मिरजेसारख्या तंतुवाद्यांच्या गावात हे वेगळे सांगावे लागू नये: तबल्याचा कायदाही आधी संथ ठाय लयीत बसतो, मग दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात जातो.

नवशिक्याने सगळी सूत्रे (चालींच्या ठरावीक मालिका) एकदम पाठ करू नयेत. ओएलएलची १० व पीएलएलची ६ सूत्रे आली की शेवटचा थर चार पायऱ्यांत सुटतो. बाकीची हळूहळू वाढवावीत. क्रॉस मात्र पहिल्या दिवसापासून तळाशीच करावा. तो आठ किंवा कमी चालींत नेहमी होतो, आणि स्पर्धेत घड्याळ सुरू होण्यापूर्वी मिळणाऱ्या पाहणीच्या १५ सेकंदांत पूर्ण आखता येतो.

स्पर्धांचे नियम वर्ल्ड क्यूब असोसिएशन (स्थापना २००४) ठरवते. पाच प्रयत्नांतील सर्वांत चांगला व सर्वांत वाईट वगळून उरलेल्या तीन वेळांची सरासरी धरतात. १९८२ मध्ये मिन्ह थाय २२.९५ सेकंदांत जगज्जेता झाला. २०२३ मध्ये मॅक्स पार्कने एका प्रयत्नात ३.१३ सेकंदांची विक्रमी नोंद केली, तीही २०२५ मध्ये मागे पडली.

सांगलीला घड्याळ लावून विचार करण्याची सवय जुनी आहे: भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने इथे पिढ्या घडवल्या. क्यूबचा सराव मात्र मंडळाच्या खोलीपेक्षा घरात आणि वाटेत अधिक चालतो. मिरजेहून सांगलीला शिकवणीसाठी येणाऱ्या मुलाच्या दप्तरात क्यूब असतो. बसच्या धक्क्यांत क्रॉसची आखणी करून डोळे मिटून तो लावायचा आणि मग डोळे उघडून पाहायचे, हा सराव जागेवर बसूनही सहज होतो. पावसाळ्यात ओल्या हातांनी हाताळलेला घन जड फिरू लागला की तो उघडून, पुसून, पूर्ण वाळवून सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब टाकतात. खोबरेल तेल वापरू नये; त्यावर धूळ बसून थर चिकटतात.