जोडणी कोणी करायची? : डेस्कटॉप लिनक्सच्या निवडीमागचा आणि बिघाडांमागचा इतिहास

विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्याला आपली ऑपरेटिंग सिस्टीम कोणाची, हा प्रश्न पडत नाही. ती एका कंपनीची असते आणि तिची आवृत्ती कोणती, एवढेच पाहायचे असते. लिनक्सकडे वळू पाहणाऱ्यासमोर मात्र सुरुवातीलाच उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, ओपनसुसे अशी नावांची रांग उभी राहते. त्यातले एखादे निवडून बसवल्यावर वाय-फाय चालेना किंवा स्क्रीन काळीच राहिली, तर मिळणारे उपायही नावागणिक निराळे निघतात. हा गोंधळ कोणाच्या निष्काळजीपणातून आलेला नाही. लिनक्स नावाची संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम कोणी एकाने कधी बनवलीच नाही. सुटे भाग वेगवेगळ्या लोकांनी बनवले, आणि ते एकत्र जोडून चालते करण्याची जबाबदारी कोणी घ्यायची, हा प्रश्न गेली तीसहून अधिक वर्षे निरनिराळ्या पद्धतींनी सोडवला जात आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसारखी पण पूर्णपणे मुक्त, म्हणजे जिचा स्रोत कोणालाही वाचता व बदलता येईल अशी प्रणाली उभी करण्याचा त्यांचा बेत होता. १९९१ पर्यंत कंपायलर, संपादक, शेल अशी बरीच अवजारे तयार झाली होती. यंत्राशी थेट व्यवहार करणारा गाभा, म्हणजे कर्नल, मात्र पूर्ण झाले नव्हते. त्याच वर्षी २५ ऑगस्टला हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे आणि ती ग्नूसारखी मोठी किंवा व्यावसायिक होणार नसल्याचे कळवले. १९९२ मध्ये हे कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आले आणि ग्नूची अवजारे व लिनक्सचे कर्नल यांची सांगड घालण्याचा मार्ग मोकळा झाला. सांगड घालणे म्हणजे मात्र प्रत्येक वापरकर्त्याने स्वतः फायली शोधायच्या, कंपाइल करायच्या (यंत्राला चालवता येतील अशा रूपात आणायच्या) आणि एकमेकांना जुळवून घ्यायच्या. हे काम एकदाच करून इतरांना आयते देणारे संच म्हणजे वितरणे, बोलीभाषेत डिस्ट्रो.

आरंभीच्या संचांपैकी एसएलएस हा १९९२ मध्ये चांगलाच पसरला, पण त्यात चुका फार होत्या. त्या दुरुस्त करता करता पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांच्या हातून जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर तयार झाले, आणि त्याच संचाला कंटाळून इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. मर्डॉक यांच्या जाहीरनाम्यातला एक विचार या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे, असे मला वाटते : प्रणाली उभारण्याचा भार वापरकर्त्यावरून उचलून वितरण करणाऱ्यावर ठेवायचा, म्हणजे एकाचे श्रम हजारोंच्या उपयोगी पडतात. डिस्ट्रो निवडणे म्हणजे हा भार कोणाच्या खांद्यावर ठेवायचा, ते ठरवणे होय. रंगरूप, वॉलपेपर, मेनूची जागा या गोष्टी नंतर बदलता येतात. जोडणी करणारे हात बदलता येत नाहीत.

जोडणीच्या पद्धतींवरून घराणी पडली. डेबियनने .डेब या प्रकारची पॅकेजे (प्रोग्राम बसवण्यासाठीचे तयार गठ्ठे) वापरली, तर रेड हॅटने .आरपीएम. एक प्रोग्राम दुसऱ्या दहा लायब्ररींवर (अनेक प्रोग्राम सामायिकपणे वापरतात त्या तयार भागांवर) अवलंबून, त्या आणखी कशावर तरी, आणि त्यातील एकीची आवृत्ती जुळली नाही तर सगळेच अडलेले, हा अनुभव त्या काळात इतका सार्वत्रिक होता की त्याला ‘डिपेंडन्सी हेल’ असे नावच पडले. मार्च १९९९ मध्ये आलेल्या डेबियन २.१ मध्ये एप्ट हे साधन होते. ते या अवलंबनांचा हिशेब स्वतः ठेवून लागणारी सर्व पॅकेजे आणू लागले, आणि रेड हॅटच्या घराण्यात पुढे यम व नंतर डीएनएफ आले. उबंटू डेबियनपासून निघाले, मिंट उबंटूपासून, फेडोरा जुन्या रेड हॅट लिनक्सपासून. आर्च हे २००२ पासूनचे वेगळे घराणे. फेडोरासाठी लिहिलेली आज्ञा मिंटवर का चालत नाही, याचे उत्तर या वंशावळीत आहे, आणि म्हणून अडचण विचारताना डिस्ट्रोचे नाव व आवृत्ती आधी सांगा, असा आग्रह जाणकार धरतात.

नव्वदच्या दशकातला डेस्कटॉप मात्र हौशी माणसाला पेलणारा नव्हता. एक्सफ्री८६ ही चित्रप्रणाली चालू करण्यासाठी मॉनिटरच्या आडव्या-उभ्या वारंवारता फाइलमध्ये हाताने लिहाव्या लागत, आणि त्या चुकल्यास जुने मॉनिटर बिघडू शकतात, असा इशारा दिलेला असे. १९९६ मध्ये मॅथियास एट्रिख यांनी केडीई या डेस्कटॉपचा प्रकल्प मांडला. तो क्यूटी या तेव्हा पूर्णपणे मुक्त नसलेल्या साधनावर उभा होता. त्या आक्षेपातून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला. क्यूटी २००० मध्ये जीपीएलखाली आले, म्हणजे भांडणाचे कारण मिटले. पण तोवर दोन्ही घरे बांधून झाली होती आणि नवख्याला आजही त्यांतले एक निवडावे लागते. १९९८ मध्ये रेड हॅट आणि केडीई एकत्र करून काढलेले मँड्रेक हे नवशिक्याचा विचार प्रथम ठेवणाऱ्या प्रारंभीच्या वितरणांपैकी एक होते.

खरी गाठ हार्डवेअरशी होती, आणि या भागाला थोडी अधिक जागा दिली पाहिजे, कारण आजच्याही बहुतेक तक्रारींचे मूळ येथे सापडते. कर्नलला एखादा भाग चालवायचा, तर त्या भागाची तांत्रिक माहिती लागते. ती कित्येक उत्पादकांनी दिली नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वस्त मोडेमांची लाट आली. त्यांत मोडेमचे बरेचसे काम विंडोजमधला ड्रायव्हर प्रोसेसरकडून करून घेत असे, त्यामुळे लिनक्सवर तेच मोडेम निर्जीव ठरत. पुढे तीच गोष्ट वाय-फायची झाली. ब्रॉडकॉमच्या अनेक चिप्सना चालू होताना फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, लागे, ते वितरणात देण्याची परवानगी नव्हती, आणि वापरकर्त्याला ते उत्पादकाच्या ड्रायव्हर फायलींमधून वेगळे काढावे लागे. इंटरनेटसाठी फर्मवेअर हवे आणि फर्मवेअरसाठी इंटरनेट हवे, अशी ती कोंडी होती. विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवणारे एनडिसरॅपर हे त्या काळचे अवजार. उपाय म्हणून ते विचित्र होते, पण अनेकांची नड त्याने भागवली. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने नव्या चिप्ससाठी मुक्त ड्रायव्हर दिला, तरी जुन्या चिप्सचे दुखणे संगणक भंगारात जाईपर्यंत राहिले.

ग्राफिक्स कार्डांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. एनव्हिडियाने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण बंद स्वरूपात. असा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो, म्हणून कर्नलची नवी आवृत्ती आली की त्याचा मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा भाग, नव्याने बांधावा लागतो, आणि तो बांधला गेला नाही तर काल चालणारा संगणक आज अपडेटनंतर काळी स्क्रीन दाखवतो. दुसरीकडे, स्वयंसेवकांनी माहितीविना, निरीक्षणाने घडवलेला नूवो हा मुक्त ड्रायव्हर नव्या कार्डांवर कित्येकदा अडखळत असे. २००९ पासून स्क्रीनची रचना कर्नल स्वतः ठरवू लागले. ही सुधारणा होती, पण जिथे ती जमत नाही तिथे बूट करताना ‘नोमोडसेट’ हा शब्द देऊन ती तात्पुरती थांबवायची, हा उपाय तेव्हापासून प्रचारात आहे. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या नव्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला. इंटेल आणि एएमडी यांचे मुक्त ड्रायव्हर त्याआधीच कर्नलमध्ये होते, आणि एवढ्याच कारणाने त्यांच्यावर चालणारा संगणक नवख्याला कमी त्रास देतो.

हार्डवेअर चालते की नाही हे आधीच पाहता आले, तर यातली निम्मी कोंडी फुटते. क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्सने २००० साली तेच केले. सीडी घालायची, संगणक चालू करायचा, आणि हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण डेस्कटॉप समोर. आवाज, नेटवर्क, स्क्रीन ओळखण्याचे काम सीडीच करी. माझ्या मते सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने ही कोणत्याही नव्या डेस्कटॉपपेक्षा मोलाची सुधारणा होती. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकलने उबंटू ४.१० आणले, मागेल त्याला सीडी टपालाने फुकट धाडल्या, दर सहा महिन्यांनी आवृत्ती देण्याचे वेळापत्रक पाळले, आणि जून २००६ च्या ६.०६ मध्ये चाचणीची सीडी व इन्स्टॉलर एकत्र केले. आधी लाइव्ह चालवून बघा, मग बसवा, हा आजचा सल्ला या मार्गाने आला. सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली, एवढेच.

त्याच ६.०६ पासून दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या, म्हणजे एलटीएस, आवृत्त्यांची प्रथा पडली. १२.०४ पासून डेस्कटॉपवरही हा आधार पाच वर्षांचा झाला, तर मधल्या आवृत्त्यांना आता नऊ महिनेच मिळतात आणि फेडोराच्या आवृत्तीला सुमारे तेरा. घरगुती कामासाठी संगणक वापरणाऱ्याने निवडताना हे आकडे आधी पाहावेत, कारण आधार संपलेल्या आवृत्तीची पॅकेज भांडारे बंद होतात आणि मग साधे अपडेटसुद्धा चुका दाखवू लागते.

२००६ मध्ये क्लेमाँ लफेव्र यांनी सुरू केलेले मिंट लोकप्रिय झाले ते प्रथम कोडेकांमुळे, म्हणजे ध्वनी व व्हिडिओच्या फायली वाजवणाऱ्या भागांमुळे. एमपी३ व व्हिडिओची अनेक रूपे पेटंटखाली असल्याने मोठी वितरणे ती सोबत देत नसत. मिंट देत असे. २०११ मध्ये ग्नोम ३ आणि उबंटूचे युनिटी यांनी डेस्कटॉपची ओळखीची मांडणीच मोडली, तेव्हा खाली पट्टी आणि कोपऱ्यात मेनू हवा असणारे पुष्कळ लोक मिंटकडे गेले, आणि त्यांच्यासाठी सिनॅमन हा डेस्कटॉप घडला. युनिटी उबंटूने २०१७ मध्ये सोडून दिले.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट ही संगणक सुरू होतानाची तपासणी आली आणि डिजिटल स्वाक्षरी नसलेला बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम, नाकारला जाऊ लागला. मायक्रोसॉफ्टच्या किल्लीने स्वाक्षरी केलेला ‘शिम’ हा छोटा दुवा वापरून मोठ्या वितरणांनी वाट काढली, पण बाहेरून आणलेले ड्रायव्हर मॉड्यूल अजूनही या पहाऱ्यात अडकतात. विंडोज ८ मधलेच ‘फास्ट स्टार्टअप’ संगणक बंद करताना कर्नल अर्धवट झोपवून ठेवते. म्हणून दोन्ही प्रणाली शेजारी ठेवणाऱ्याला विंडोजचे पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, आणि दोष लिनक्सला लागतो.

सल्ल्यालाही वय असते, आणि ते फारसे कोणी पाहत नाही. २००८ मध्ये उबंटूने पल्सऑडिओ ही आवाज हाताळणारी व्यवस्था स्वीकारल्यावर आवाजाच्या तक्रारींचा पूर आला आणि ‘पल्सऑडिओ काढून टाका’ हे उत्तर सर्वत्र लिहिले गेले. फेडोराने २०२१ मध्ये त्याच्या जागी पाइपवायर आणले, इतरांनी मागोमाग तेच केले, तरी जुने उत्तर शोधात आजही वर येते आणि आज्ञाधारकपणे पाळणारा माणूस चालू आवाज बंद पाडून बसतो. एक्स या जुन्या चित्रप्रणालीची सेटिंग फाइल हाताने बदलण्याचे उपायही तसेच : २०१६ च्या फेडोरा २५ पासून ग्नोम हळूहळू वेलँड या नव्या चित्रप्रणालीवर गेले, आणि तिथे ती फाइल वाचणारेच कोणी नाही.

जोडणीचा प्रश्न अलीकडे दोन दिशांनी पुन्हा हाताळला जात आहे. फ्लॅटपॅक आणि स्नॅप प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी त्याच्याबरोबरच बांधून देतात. जागा जास्त जाते, पण घराण्यांचा भेद उरत नाही. टाइमशिफ्टसारखी साधने अपडेटपूर्वीची स्थिती जपून ठेवतात, त्यामुळे बिघाड शोधत बसण्याऐवजी कालच्या स्थितीत परतता येते. खेळांसाठी विंडोज न सोडणाऱ्यांची अडचण व्हॉल्व्ह कंपनीच्या प्रोटॉनने, म्हणजे विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाने, २०१८ पासून बरीच कमी केली.

डेबियननेही, ज्याच्यासाठी मुक्ततेचे तत्त्व सर्वांत वर होते, २०२२ मध्ये मतदान घेऊन अमुक्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये देण्याचे ठरवले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळू लागले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था नसलेले धडधाकट संगणक मागे राहिले. त्यांच्या मालकांपैकी जे कोणी डेबियनचा पेन ड्राइव्ह लावतील, त्यांतल्या बऱ्याच जणांना वाय-फायची यादी आता इन्स्टॉलच्या पहिल्याच टप्प्यात दिसेल.