राहुटीतला फोटो कोणाचा? थोडी पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्यातली बहिरमची यात्रा सुरू झाली की आमच्या भागात व्हॉट्सॲपवर राहुट्यांचे, म्हणजे तिथं मुक्कामाला टाकलेल्या तंबूंचे, व्हिडिओ फिरायला लागतात. हंडी, रोडगे, गोवऱ्यांचा जाळ, आणि त्यामागे कोणाची तरी माय नाहीतर बहीण, जिला आपण व्हिडिओत आलो हे माहीतही नसतं. मागच्या यात्रेत माझ्या मावशीचा असाच एक फिरला. सकाळपासून चुलीपाशी बसून सगळ्यांचं जेवण उरकलं आणि ती राहुटीत सतरंजीवर आडवी झाली, पदर बाजूला, तोंड उघडं, टाचा राहुटीच्या बाहेर, त्यावर कोणीतरी गाणं टाकलं. तीन दिवसांत तो आमच्या गावच्या ग्रुपवर. मावशी कोणाला काही बोलली नाही, फक्त "मी आता यात्रेले येत नाही" म्हणाली. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

कॅमेरा इकडे आला तोच दुसऱ्याला बघायला म्हणून. इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात इथल्या जातीजमातींच्या फोटोंचे आठ खंड छापले. पण आपल्या आठवणीतला फोटो जत्रेतल्या तंबूतला, मागे ताजमहालाचा पडदा, बाजूला प्लायवूडची मोटारसायकल. तिथं माणूस स्वतः जायचा, केस विंचरून, पावडर लावून, पैसे देऊन. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहीत असते, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. म्हणजे माझ्या आजीचा सालबर्डीच्या महाशिवरात्रीच्या जत्रेतला फोटो आजीचाच होता, कायद्यानं. मावशीचा व्हिडिओ मात्र ज्याच्या हातात मोबाईल त्याचा.

मधल्या काळात, ९० च्या दशकात, मेळघाटातल्या कुपोषित कोरकू आदिवासी लेकरांच्या बरगड्या साऱ्या देशानं पेपरात पाहिल्या. त्या फोटोंमुळे सरकार हललं हे खरंच आहे आणि ते मी नाकारत नाही, पण लेकराच्या मायला विचारलं होतं का, ही चर्चा मी तरी कधी ऐकली नाही.

मग २०१६ च्या सप्टेंबरात फुकटचा डेटा आला. गावातल्या पोट्ट्यांच्या हातात आधी फोन होताच, आता तो दिवसभर चालू राहायला लागला. २०२० मध्ये एक व्हिडिओ ॲप बंद झालं तर महिन्याभरात दुसरीकडे रील सुरू झाल्या. जत्रा म्हणजे रीलवाल्यांना आयता माल, गर्दी, रंग, धूर, सगळंच मिळतं.

आता कायद्याचं, आणि खरा गुंता इथंच आहे. आयटी कायद्यात २००८ च्या दुरुस्तीनं ६६ई कलम आलं, २००९ पासून लागू. कोणाच्या खाजगी अंगाचा फोटो न विचारता काढणं किंवा पसरवणं हा त्यात गुन्हा. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात चांगली गोष्ट ही की जागा सार्वजनिक आहे की खाजगी याला महत्त्व नाही, पण ते कलम शरीराच्या ठराविक भागांपुरतंच. २०१३ मध्ये दंड संहितेत बाईला चोरून बघण्याविरुद्ध, तिचं चित्रण करण्याविरुद्ध ३५४सी कलम आलं, आता नव्या न्याय संहितेत ते ७७ आहे. त्यात शब्द आहे "खाजगी कृत्य". बाई आंघोळ करतेय, संडासला बसलीय, कपडे बदलताना फक्त आतल्या कपड्यांवर आहे, असं काही असेल आणि ती जागाही अशी पाहिजे की जिथं आडोशाची रास्त अपेक्षा धरता येईल. मग झोपलेली बाई? भाकर थापताना घामानं भिजलेली बाई? ती यात कुठंच बसत नाही. केरळातल्या २०२४ च्या एका निकालात तर घरासमोर उभ्या असलेल्या बाईचा फोटो काढणं या कलमात येत नाही असंच धरलं गेलं.

म्हणजे सगळं येऊन थांबतं "रास्त अपेक्षा" या शब्दावर. मैदान सगळ्यांचं, कबूल. पण राहुटीत लोक मुक्कामाला राहतात, अंथरूण टाकतात, लेकराला पाजतात, कनातीमागं बाया लुगडी बदलतात. तीन बाजूंनी कापड आणि एक बाजू उघडी, ते घर की मैदान? फोटो काढणारे म्हणतात, "उघड्यावर आहे तर दिसणारच ना". मी म्हणतो दिसणं वेगळं आणि साठवून गावभर पाठवणं वेगळं. शेजारच्या राहुटीतला माणूस पण बघतो, पण तो नजर वळवतो, ही आपल्याकडची रीत आहे आणि मोबाईलला ती नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला, त्या निकालात स्पष्ट म्हटलंय की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खाजगीपणा संपत नाही. मला हेच वाक्य राहुट्यांना सगळ्यात जवळचं वाटतं.

दुसरी बाजूही आहे. प्रत्येकाला विचारत बसलं तर जत्रेचा एकही फोटो निघणार नाही, आणि पाण्याची, संडासाची बोंब असते ती फोटोशिवाय कोणी मानत नाही. पण त्यासाठी झोपलेल्या बाईच्या तोंडाजवळ कॅमेरा न्यावा लागत नाही.

२०२५ च्या प्रयागराजच्या कुंभात न्हाणाऱ्या बायांचे व्हिडिओ टाकले आणि विकले गेले, तेव्हा गुन्हे नोंदले. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. त्यात वैयक्तिक, घरगुती वापराला सूट आहे. आता दोनशे माणसांचा गावचा ग्रुप घरगुती म्हणायचा का, यावर पुढं भांडणं होणार.

यंदा आमच्या ओळीतल्या दोन-तीन राहुट्यांच्या तोंडाशी जुनी साडी आडवी बांधलेली दिसली. चूल मात्र बाहेरच मांडतात, धुरामुळं आत पेटवता येत नाही. शेजारची एक म्हातारी हंडीवरचं झाकण काढता काढता एका पोराला म्हणाली, "काहून काढून राहिला बे फोटो, इचारलं का मले?" त्यानं फोन खाली केला. तिनं त्याला रोडगा दिला आणि मग स्वतःच म्हणाली, आता काढ, पण पदर नीट करू दे.