चुली वेगळ्या, विहीर सामाईक : ओप्पो-विवोच्या भावकीची पार्श्वभूमी

मार्च 2024 मध्ये नऊ दिवसांच्या अंतराने भारतात दोन फोन आले. 12 तारखेला आयकू झेड9 आणि 21 तारखेला विवो टी3. दोन्हींत मीडियाटेकचा डायमेन्सिटी 7200 प्रोसेसर, सोनीचा तोच 50 मेगापिक्सेलचा सेन्सर, 5000 एमएएचची बॅटरी आणि 44 वॅटचं चार्जिंग. सुरुवातीची किंमतसुद्धा एकच, 19,999 रुपये. फरक म्हणाल तर एक ॲमेझॉनवर मिळत होता, दुसरा फ्लिपकार्टवर. माझ्या भाच्याने दोन्हींचे स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, "मामा, ह्यातला कुठला घेऊ?"

एका शब्दात उत्तर देता येईना. कॅमेरा, बॅटरी, रॅम यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून हा प्रश्न सुटत नाही, कारण आकडे तेच आहेत. ओप्पो, विवो, वनप्लस, रिअलमी, आयकू असे एवढे ब्रँड एकाच घरातून का निघाले, हे कळलं तरच त्यांच्यात निवड कशी करायची ते कळतं. त्यासाठी तीसेक वर्षं मागे, दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात जावं लागतं.

तिथल्या झोंगशान शहरात 1989 च्या सुमारास तोट्यातला एक छोटा कारखाना दुआन योंगपिंग यांच्याकडे चालवायला आला. त्यांनी तिथे सुबोर नावाने टीव्हीला जोडायचे खेळ काढले आणि पुढे त्यालाच कीबोर्ड लावून 'अभ्यासाचं यंत्र' म्हणून विकलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही अशी यंत्रं आली होती. कॅसेट घालून टीव्हीवर मारिओ खेळलेल्यांना ती आठवत असतील. पालकांना वाटायचं मूल कॉम्प्युटर शिकतंय, मूल खेळत असायचं. सुबोरच्या जाहिरातीत जॅकी चॅन होता. धंदा प्रचंड वाढला, पण तो उभा करणाऱ्यांना मालकीत वाटा द्यायला वरचे लोक तयार होईनात. 1995 मध्ये दुआन बाहेर पडले आणि त्यांनी डोंगग्वान शहरात स्वतःची कंपनी काढली : बूबूगाओ, म्हणजे 'पावलोपावली वर'. जगाला ती बीबीके या आद्याक्षरांनी माहीत झाली.

वाटा नाकारला गेल्याचा तो अनुभव माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. नव्या कंपनीत दुआन यांनी स्वतःकडे थोडा हिस्सा ठेवून बाकीचा सहकाऱ्यांना आणि माल विकणाऱ्या डीलरांनाही दिला. म्हणजे डीलर नुसता गिऱ्हाईक राहिला नाही, भागीदार झाला. कंपनीने डीलरला दुखवायचं म्हणजे स्वतःच्याच घरात भांडण लावायचं. हा मुद्दा लक्षात असू द्या, वीस वर्षांनी तो पुन्हा समोर येणार आहे.

बीबीकेने व्हीसीडी प्लेअर काढले, बिनवायरचे फोन काढले, अभ्यासाची यंत्रं काढली. जाहिरातीवर पैसा ओतायची सवयही तेव्हाचीच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींच्या लिलावात सर्वात मोठी बोली बीबीकेची असायची. पुढे आयपीएलच्या नावाआधी पाच वर्षांसाठी 2,199 कोटी रुपये मोजून 'विवो' लागलं आणि भारतीय संघाच्या जर्सीवर 1,079 कोटींचा करार करून 'ओप्पो' आलं, तेव्हा आपल्याकडे लोक चकित झाले. या घराची ती जुनीच रीत होती.

1999 मध्ये दुआन यांनी वाटणी केली. भांडण नव्हतं. एकाच छताखाली तीन वेगळे धंदे वाढत होते, तर प्रत्येकाने आपली चूल मांडावी, एवढंच. अभ्यासाच्या यंत्रांचा विभाग एकीकडे गेला. ध्वनी-चित्र यंत्रांचा विभाग चेन मिंगयोंग यांच्याकडे, फोनचा शेन वेई यांच्याकडे. त्यानंतर दुआन अमेरिकेत गेले आणि शेअर बाजारात रमले. वॉरेन बफे यांच्यासोबतच्या एका जेवणासाठी 2006 मध्ये 6,20,100 डॉलर मोजणारे ते हेच.

चेन मिंगयोंग यांच्या विभागातून ओप्पो निघाला. आधी एमपी3 आणि डीव्हीडी प्लेअर, मग 2008 मध्ये पहिला मोबाईल. शेन वेई यांच्या फोन विभागातून विवो आला. दोघे भाऊ चीनच्या लहान लहान शहरांत एकमेकांसमोर दुकानं मांडून बसले, एकाची पाटी हिरवी, दुसऱ्याची निळी. 2014 मध्ये दोघेही भारतात आले आणि तीच लढाई इथे सुरू झाली. तालुक्याच्या ठिकाणी एसटी स्टँडसमोर उभं राहून पाहिलेल्यांना हे सांगायला नको. एका मोबाईल शॉपीवर हिरवा बोर्ड, शेजारच्या शॉपीवर निळा, आणि आत दोन्ही कंपन्यांच्या टी-शर्टमधली मुलं गिऱ्हाईक आपल्याकडे ओढतायत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'सगळं बीबीकेचंच आहे, काहीही घ्या' असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. ओप्पो आणि विवो यांचे कारखाने वेगळे, संशोधन वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं. त्यांना सख्खे म्हणण्यापेक्षा भावकी म्हणणं बरं : सातबारे केव्हाच वेगळे झाले, जुनी विहीर मात्र दोघांनी पाहिलेली. खरी जवळीक आहे ती प्रत्येकाच्या घरात पुढे जन्मलेल्या ब्रँडांची. वनप्लस आणि रिअलमी ओप्पोच्या अंगणातले, आयकू विवोच्या. झेड9 आणि टी3 इतके सारखे का, हे यातून कळतं. आणि वनप्लसशी तुलना करायची तर विवोआधी ओप्पोशी का करावी, हेही.

मग हे धाकटे ब्रँड कशाला हवे होते? त्याचं कारण शाओमी. लेई जून यांनी 2010 मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने दुकानदाराला वगळून इंटरनेटवरून फोन विकायला सुरुवात केली. मधले वाटेकरी गेले, किंमत खाली आली. जुलै 2014 मध्ये शाओमी फ्लिपकार्टचा हात धरून भारतात आली, आणि फोन काही सेकंदांत संपला अशा बातम्या येऊ लागल्या. ओप्पोला उत्तर तर द्यायचं होतं, पण ओप्पो नावाचाच फोन ऑनलाइन स्वस्तात विकला असता तर काउंटरवर तोच फोन महाग विकणारा डीलर काय म्हणाला असता? आणि तो डीलर साधा दुकानदार नव्हता, हे वर आलंच आहे. म्हणून नवं नाव.

हा उपाय आपल्याला नवा नाही. निरमाने बाजार खाल्ला तेव्हा हिंदुस्तान लिव्हरने सर्फची किंमत पाडली नाही, व्हील आणली.

वनप्लस डिसेंबर 2013 मध्ये जन्मली. स्थापना करणारे पीट लाऊ हे ओप्पोचे उपाध्यक्ष होते, सोबत कार्ल पेई. सुरुवातीला ही कंपनी ओप्पोशी असलेलं नातं फारसं बोलून दाखवत नसे. पहिला फोन आमंत्रण असल्याशिवाय मिळायचा नाही. भारतात तो डिसेंबर 2014 मध्ये ॲमेझॉनवर 21,999 रुपयांना आला आणि त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात अडकला. त्यात सायनोजेन नावाचं सॉफ्टवेअर होतं आणि त्याचे भारतातले हक्क आपल्याकडे आहेत, असं मायक्रोमॅक्सचं म्हणणं होतं. विक्री काही दिवस थांबली. या दणक्यातून वनप्लस स्वतःच्या ऑक्सिजनओएसकडे वळली. पुढे अनेकांनी वनप्लस घेतला तो याच सॉफ्टवेअरसाठी : साधं, चपळ, फालतू ॲपचा कचरा नसलेलं. मीही त्यांपैकी एक होतो आणि मला ते मनापासून आवडायचं.

पण विहीर सामाईकच होती. 2016 च्या वनप्लस 3 मधलं 'डॅश चार्ज' हे जलद चार्जिंग म्हणजे ओप्पोचं 'वूक'. पुढे त्याचंच 'वॉर्प' झालं, रिअलमीत 'डार्ट' झालं. या पद्धतीत व्होल्टेज कमी ठेवून करंट वाढवतात आणि उष्णतेचा बराचसा भार फोनऐवजी चार्जरमध्ये सोडतात, म्हणून तिला स्वतःचा चार्जर आणि स्वतःची केबल लागते. ओप्पो, वनप्लस, रिअलमी यांचे चार्जर एकमेकांना बऱ्याच अंशी चालतात, विवोचा त्यांना तसा चालत नाही. नाती ओळखायची असतील तर घरातला चार्जरचा खण उघडावा. जाहिरातीत दिसणार नाही ते तिथे दिसतं.

रिअलमीची कथा तर जास्तच बोलकी आहे. मार्च 2018 मध्ये ओप्पोने एफ7 आणला, 21,990 रुपयांना, मीडियाटेकच्या हेलिओ पी60 प्रोसेसरसह. दोनच महिन्यांनी ॲमेझॉनवर रिअलमी 1 आला. प्रोसेसर तोच, किंमत 8,990 पासून. जास्तीत जास्त, म्हणजे 6 जीबी रॅम आणि 128 जीबी साठवण घेतली तरी 13,990. एफ7 च्या त्या किमतीत 4 जीबी आणि 64 जीबी मिळत होती! मग एफ7 घेणाऱ्याने पैसे कशाला मोजले? 25 मेगापिक्सेलच्या सेल्फी कॅमेऱ्याला, वर खाच (नॉच) असलेल्या मोठ्या स्क्रीनला, बोटाच्या ठशाच्या सेन्सरला. रिअलमी 1 मध्ये तो सेन्सर नव्हताच. उरलेले पैसे गेले दुकानदाराच्या मार्जिनला, दुकानात उभ्या असलेल्या कंपनीच्या प्रमोटरच्या इन्सेन्टिव्हला, चौकातल्या होर्डिंगला आणि जर्सीवरच्या नावाला.

मात्र ते उरलेले पैसे वाया गेले, असं मी म्हणणार नाही. माझ्या आईला फोन घ्यायचा होता तेव्हा तिला तो हातात धरून पाहायचा होता, जुन्यातले नंबर आणि फोटो कुणीतरी समोर बसून नव्यात टाकून हवे होते, आणि बिघडलं तर कुणाकडे जायचं तो माणूस ओळखीचा हवा होता. शॉपीवाल्याने हे सगळं केलं. ती सेवा त्या किमतीत होती. भाच्याला यातलं काहीच नको असतं, मग त्याने त्याचे पैसे का द्यावेत? सख्ख्या ब्रँडांत निवड करताना मी हाच प्रश्न आधी विचारतो : हा फोन कुठल्या वाटेने विकण्यासाठी बनवलाय, आणि तू कुठल्या वाटेने जाणार आहेस?

जुलै 2018 मध्ये ओप्पो इंडिया सांभाळलेले स्काय ली यांनी ओप्पो सोडून रिअलमी वेगळी कंपनी म्हणून उभी केली. विवोने 2019 मध्ये चीनमध्ये आयकू काढला, फेब्रुवारी 2020 मध्ये तो भारतात आला. शाओमीतही हेच घडत होतं, फक्त तिथे वाटणी नव्हती, एकाच वाड्यावर एमआय, रेडमी आणि पोको अशा तीन पाट्या लागत होत्या. ऑगस्ट 2018 मध्ये पोको एफ1 आला, स्नॅपड्रॅगन 845 प्रोसेसर 20,999 रुपयांत. तेव्हा तो खरोखरच वेगळा फोन होता. जानेवारी 2020 मध्ये पोको भारतात 'स्वतंत्र' ब्रँड झाला आणि पुढच्याच महिन्यात पोको एक्स2 आला, जो चीनमध्ये रेडमी के30 या नावाने विकला जात होता. 2021 मध्ये तर एकच फोन चीनमध्ये रेडमी के40, बाहेर पोको एफ3 आणि भारतात एमआय 11एक्स झाला. नाव स्वतंत्र झालं की वस्तू जास्त सारखी होते, हे मला आजही खटकतं. ज्याने पोको म्हणून काही वेगळं मिळेल या विश्वासाने पैसे दिले, त्याला हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं.

पाटी खरोखर वेगळी झाल्याचं एक उदाहरण आहे, पण ते नाइलाजाचं. अमेरिकेच्या निर्बंधांनी गळा आवळल्यावर हुआवेने नोव्हेंबर 2020 मध्ये ऑनर ब्रँड विकून टाकला.

ओप्पोच्या घरात याच सुमारास उलटा प्रवास सुरू झाला. ऑक्टोबर 2020 मध्ये कार्ल पेई वनप्लसमधून बाहेर पडले. जून 2021 मध्ये पीट लाऊ यांनी वनप्लस आणि ओप्पो आणखी एकत्र येत असल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या महिन्यात ऑक्सिजनओएस आणि ओप्पोचं कलरओएस यांचा पाया एक झाला. त्या पायावरची पहिली मोठी आवृत्ती डिसेंबरमध्ये वनप्लस 9 वर आली, तेव्हा तिच्यात इतक्या चुका निघाल्या की ती थांबवावी लागली. ऑक्सिजनओएससाठी वनप्लस घेणाऱ्यांना ते लागलं. 2023 चा घडीचा वनप्लस ओपन म्हणजे ओप्पोचाच फाइंड एन3. भारतातले वनप्लस तर आधीपासून ओप्पोच्या ग्रेटर नोएडाच्या कारखान्यात जोडले जात होते.

म्हणून आज या ब्रँडांत निवडताना मी आकड्यांच्या आधी चार गोष्टी बघतो. या मॉडेलला अँड्रॉइडच्या किती आवृत्त्या आणि किती वर्षं सुरक्षेचे अपडेट द्यायचं लेखी वचन आहे. तोच फोन भावाच्या नावाने दुसऱ्या साइटवर स्वस्त आहे का. आपल्या गावात सर्व्हिस सेंटर कुणाचं आहे. आणि नावातलं मधलं अक्षर (विवो टी3 मधला 'टी') काय आहे, कारण ऑनलाइन आणि दुकान यांमधली जुनी रेघ आता एकेका ब्रँडच्या आतही पडली आहे : विवोची व्ही मालिका दुकानांतून जोरात चालते, टी मालिका 2022 मध्ये फ्लिपकार्टसाठी निघाली. भाच्याला मी सांगितलं, ज्या साइटवर तुझ्या कार्डाला सूट जास्त असेल तिथला घे. त्याने आयकू घेतला.

दुकानदाराला वगळण्यासाठी जन्मलेला वनप्लस आता दुकानातही असतो. एप्रिल 2024 मध्ये दक्षिणेतल्या संघटित मोबाईल विक्रेत्यांच्या संघटनेने कंपनीला पत्र लिहिलं. मार्जिन फार कमी मिळतं, वॉरंटीचे दावे अडकून राहतात, अशी त्यांची तक्रार होती. ती दूर झाली नाही तर 1 मेपासून वनप्लस काउंटरवरून काढू, असा इशारा त्यांनी दिला. ज्या राज्यांतली दुकानं त्यात होती, त्यांत महाराष्ट्रही होता.