सोनेगाव ते मिहान: नागपूरच्या विमानतळाची पार्श्वभूमी

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या काटोल भागात जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खं वावर आडवं करतो, त्यामुळे मचाणावर बसल्याशिवाय इलाज नसतो. सोबत टॉर्च, वाजवायला टिनाचा डबा आणि घोंगडी. बारा वाजून गेले की डोळा लागू नये म्हणून मी वर पाहत राहतो. लाल-पांढरे दिवे लुकलुकवत विमानं एकामागून एक जातात. त्यातली बरीचशी नागपूरला उतरतच नाहीत, नुसती आमच्या डोक्यावरून निघून जातात.

आमच्या आबाजींच्या वेळी मात्र मध्यरात्रीची विमानं उतरायची. आबाजी काटोल स्टेशनावरून डाकेचा थैला घेऊन गावात यायचे. अंगणात बाजेवर पडल्या पडल्या दूरवरची घरघर कानावर आली की म्हणायचे, "पाय, थे चालली डाक." लहानपणी मला वाटायचं, आबाजी काहीतरी सांगतात. पण ते खरंच बोलत होते, आणि नागपूरच्या विमानतळाची सगळी कथा त्या एका वाक्यापासून सांगता येते.

धावपट्टी त्याहून जुनी. शहराच्या दक्षिण-पश्चिमेला सोनेगाव नावाचं गाव, तिथल्या सपाट माळावर पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७-१८ च्या सुमारास, ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी हा तळ झाला. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा कामाला आला. तेव्हा वाटेतलं विश्रांतीचं ठिकाण म्हणून विमानं इथं थांबायची, पेट्रोल भरायची आणि पुढं जायची. त्याच युद्धाच्या धामधुमीत विदर्भात आणखीही धावपट्ट्या झाल्या. गोंदियाजवळची बिरसी आणि अकोल्याजवळची शिवणी त्यातल्याच. इंग्रज गेले आणि सोनेगाव भारत सरकारकडे आलं.

आता डाकेकडे येतो, कारण माझ्या मते या विमानतळाचं सगळ्यात मोठं काम तेच आहे आणि आज ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई डाक सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. योजना ऐकायला साधी होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरायची. धावपट्टीशेजारी थैल्यांची अदलाबदल व्हायची. दिल्लीच्या विमानातला मद्रासचा थैला मद्रासच्या विमानात, कलकत्त्याच्या विमानातला मुंबईचा थैला मुंबईच्या विमानात. मग चारही विमानं आल्या वाटेनं परत जायची आणि दिवस उजाडेपर्यंत आपापल्या गावी पोचायची. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात पोचलेलं असायचं. चार शहरांना जोडायला एरवी सहा वाटा लागल्या असत्या. नागपूर मध्ये धरलं तर चारांत भागत होतं.

विमानं डाकोटा, म्हणजे दोन पंख्यांची डीसी-३. वेग तासाला अडीचशे-तीनशे किलोमीटर. नागपूरपासून मुंबई हवेतून सातशेच्या आसपास आणि बाकीची तीन शहरं साडेआठशे ते हजार किलोमीटरच्या आत. म्हणून तीन-साडेतीन तासांत सगळे एका जागी येऊ शकत होते. डाकेबरोबर थोडे प्रवासीही असत. कंदिलावर रात्र काढणाऱ्या मुलखात मध्यरात्री चार विमानं एका ठिकाणी जमायची आणि त्यांच्यामध्ये हमाल थैले घेऊन धावायचे, हे चित्र मी कितीदा तरी मनात उभं केलं आहे.

या कामात माणसंही गेली. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेली डाकोटा सोनेगावहून उडाल्यावर लगेच कोसळली. आतल्या चौदा जणांपैकी फक्त वैमानिक वाचला. आबाजींना तो दिवस आठवत होता. दुसऱ्या दिवशी स्टेशनावर दुसरं बोलणंच नव्हतं म्हणायचे.

त्याच १९५३ साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि सोनेगावला नवी टर्मिनल इमारत उभी राहिली. तिच्यात उपाहारगृह होतं, पुस्तकांचा स्टॉल होता आणि विमानं पाहायला येणाऱ्यांसाठी गॅलरीही होती. रात्रीची डाक १९७३ पर्यंत चालली, म्हणजे जवळपास पाव शतक.

डाक सुरू झाली तेव्हा नागपूर राजधानीचं शहर होतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, नंतर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची. राज्य पुनर्रचनेत ती राजधानी गेली. हिवाळी अधिवेशनापुरते मंत्री येऊ लागले. डाकही थांबल्यावर सोनेगावला मोजकी विमानं उरली. हवाई दलाचा मोठा कारभार मात्र नागपुरातच राहिला. त्यांच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आजही वायुसेना नगरात आहे.

एक काम कधीच थांबलं नाही, पण ते जमिनीवरून दिसत नाही. देशाचं आकाश मुख्यतः दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि चेन्नई अशा चार भागांत वाटलेलं आहे आणि नागपूर त्यांच्या सांध्याजवळ येतं. उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम जाणाऱ्या विमानांशी नागपूरचे हवाई नियंत्रक बोलतात, त्यांना उंची आणि वाट ठरवून देतात. एखाद्या प्रवाशाची छाती दुखायला लागली की दूरच्या शहराकडे निघालेलं विमान कितीदा तरी इथं उतरतं. मचाणावरून मला दिसतात ती विमानं हीच. माझा भाचा मोबाईल वर धरून सांगतो, हे दिल्लीचं, बंगळूरला चाललं. खाली आमच्याच शहरात बसलेला कोणीतरी त्याला वाट दाखवत असतो, याचा मला फार अभिमान वाटतो.

२००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मिहान हा शब्द घराघरांत पोचला. मल्टीमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर असं त्याचं लांबलचक नाव. कल्पना जुन्या डाकेचीच, फक्त थैल्यांच्या जागी माल. देशाच्या मधोमध विमान, रेल्वे आणि रस्ता एकत्र आणायचे, शेजारी विशेष आर्थिक क्षेत्र वसवायचं. २००५ मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दिलं गेलं. ज्या शहरात त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांसह धम्मदीक्षा घेतली, त्या शहराच्या दारावर हेच नाव शोभतं. नवी एकत्रित टर्मिनल इमारत १४ एप्रिल २००८ ला, म्हणजे त्यांच्या जयंतीलाच, सुरू झाली. शारजा आणि दोहाची विमानंही नागपूरहून उडू लागली. २००९ मध्ये विमानतळ मिहान इंडिया या कंपनीकडे गेला. तिच्यात राज्याच्या कंपनीचे ५१ टक्के आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ४९ टक्के.

जमीन कुठून आली हे सांगितल्याशिवाय ही पार्श्वभूमी पुरी होत नाही. खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही, चिंचभवन, जयताळा, भामटी, शिवणगाव. प्रकल्प चार हजारांहून अधिक हेक्टरांचा. माझी आत्या यांतल्याच एका गावात नांदत होती. ज्वारी-तुरीचं वावर, धुऱ्यावर दोन चिंचा, दारात विहीर. पहिली नोटीस आली तेव्हा फुफाजींनी ती सातबाऱ्यासोबत पेटीत ठेवली आणि वर्षभर कोणाला दाखवली नाही. पुढं मोजणी झाली, वावर गेलं. ज्या भावानं जमीन गेली त्या भावात काही वर्षांनी त्याच भागात घर बांधण्यापुरताही तुकडा मिळेना. आत्या अजूनही पोळ्याला जुन्या गावच्या मारुतीला नारळ फोडायला जाते. विकसित भूखंड, घरांचा मोबदला आणि पोरांना काम या मागण्यांसाठी प्रकल्पातल्या गावांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. दुसऱ्या धावपट्टीच्या जागेपायी शिवणगावचा प्रश्न तर फार लांबला. या लोकांना विकासाच्या आड येणारे म्हणणं मला अजिबात पटत नाही. त्यांनी दिलं म्हणून हे उभं राहिलं.

आणि उभं राहिलंही. एअर इंडियानं बोईंगकडून विमानं घेताना झालेल्या करारातून बोईंगनं इथं विमानं दुरुस्तीचं केंद्र बांधलं. ते २०१५ मध्ये सुरू झालं. टाटांच्या कारखान्यात बोईंगच्या ड्रीमलायनर विमानातल्या फरशीखालचे आडवे दांडे बनले. दसॉल्ट आणि रिलायन्सच्या भागीदारीतल्या कारखान्याची पायाभरणी २०१७ मध्ये झाली; तिथं फाल्कन विमानाचे भाग होतात. आमच्या तालुक्यातली आयटीआय झालेली पोरं या बाजूला कामाला जाताना मी पाहिली आहेत. मालवाहतुकीचं मोठं केंद्र मात्र सांगितलं होतं तसं झालेलं नाही. आमचा संत्रा अजूनही कॅरेटमध्ये भरून ट्रकनंच जातो, आणि बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं की बागेतला भाव त्याच आठवड्यात पडतो.

मधली काही वर्षं कोर्टात गेली. विमानतळ खाजगी कंपनीला चालवायला देण्यासाठी निविदा निघाली, २०१९ मध्ये जीएमआरला पसंती मिळाली, मार्च २०२० मध्ये ती रद्द झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तो निर्णय फिरवला, सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि शेवटची याचिका सप्टेंबर २०२४ मध्ये निकाली निघाली. लगोलग ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी विस्ताराची पायाभरणी केली. अंदाजित खर्च सुमारे ७ हजार कोटी रुपये.

दरम्यान आजूबाजूच्या धावपट्ट्यांनाही जाग आली आहे. बिरसीहून २०२२ मध्ये प्रवासी विमान उडालं. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली. अकोल्याची शिवणी जागेच्या प्रश्नात अडकून पडली आहे.

मागच्या दिवाळीत आत्या आमच्याकडे आली होती. रात्री अंगणात शेकोटीजवळ बसलो असताना एक विमान फार खालून, उतरायच्या बेतात गेलं. भाच्यानं मोबाईल काढला. आत्या त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "माह्या वावरावरून जाते हे." मग बराच वेळ ती त्या दिव्यांकडे पाहत राहिली.