वटवाघळे मोजणारी माणसे: यंत्र, कायदा आणि वडाचे झाड

अमेरिकेत १९०० सालच्या नाताळात फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने लोकांना पक्षी मारण्याऐवजी मोजायला सांगितले. हौशी माणसांची ती पक्षिगणना आजही दरवर्षी होते. वटवाघळांच्या वाट्याला असे मोजणारे यायला त्यानंतर जवळपास ऐंशी वर्षे गेली. याचे कारण सहसा असे दिले जाते: वटवाघूळ रात्री उडते, नीट दिसत नाही, बहुतेक जातींचा आवाज माणसाला ऐकूही येत नाही, तो ऐकवणारे यंत्र निघाले आणि माणसे जमली. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे. यंत्र निघाल्यावरही चाळीसेक वर्षे या नादाला लागलेली माणसे मोजकीच होती. ती मोठ्या संख्येने जमली ब्रिटनमधल्या एका कायद्यामुळे. भारतात कायदा नेमका उलट्या दिशेने गेला, म्हणून आपल्याकडची हकीकत वेगळी आहे.

आधी यंत्राची गोष्ट. इटलीतल्या पाव्हियाच्या लाझारो स्पालान्झानी यांनी १७९३ च्या सुमारास पाहिले की पूर्ण काळोखात घुबड भिंतीवर आपटते, वटवाघूळ मात्र सुखरूप फिरते. त्याचे डोळे निकामी केले तरी फिरते. जिनिव्हाच्या लुई जुरीन यांनी वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा ती धडकू लागली. म्हणजे काम कानांचे, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. पण कानांनी ऐकायचे काय? खोलीत तर आवाजच नव्हता. जॉर्ज क्युव्हिए या वजनदार शास्त्रज्ञाने ही सगळी पंखांच्या त्वचेच्या स्पर्शाची करामत असल्याचे ठरवून टाकले आणि पुढची शंभराहून जास्त वर्षे तेच प्रमाण मानले गेले. मोठ्या नावापुढे साधा प्रयोग हरतो, त्याचा हा ठळक नमुना.

१९३८ मध्ये हार्वर्डमधला डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी पिंजऱ्यातली वटवाघळे घेऊन भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज पिअर्स यांच्याकडे गेला. माणसाच्या कानापलीकडचे ध्वनी पकडणारे यंत्र पिअर्स यांनी बनवले होते. त्यासमोर धरताच ‘मुकी’ वटवाघळे सतत ओरडत असल्याचे कळले. पुढे ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलॅम्बोस यांनी प्रतिध्वनीवरून वाट काढण्याची रीत प्रयोगांनी दाखवून दिली आणि १९४४ मध्ये ग्रिफिन यांनी तिला ‘इकोलोकेशन’ हे नाव दिले.

ते यंत्र प्रयोगशाळेतले होते. हातात धरून तळ्याकाठी उभे राहता येईल असे डिटेक्टर १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये विकत मिळू लागले. ते वापरणाऱ्या पहिल्या हौशी माणसांत जॉन हूपर होते. पेशाने रसायनशास्त्रज्ञ असलेल्या हूपर यांनी पत्नी विनिफ्रेड यांच्यासह १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून डेव्हन परगण्यातल्या गुहांतल्या हॉर्सशू जातीच्या वटवाघळांना ओळखीसाठी कडी घालून वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या होत्या. डिटेक्टर हाती आल्यावर त्यांनी लंडनमधली वटवाघळे ऐकायला सुरुवात केली. या डिटेक्टरचे तंत्र सोपे आहे. वटवाघूळ ४५ किलोहर्ट्झवर ओरडत असेल आणि यंत्र ४३ वर लावले, तर दोन्हींतला फरक, म्हणजे २ किलोहर्ट्झचा आवाज, ‘टिक टिक’ असा कानावर येतो. खटका फिरवत जायचे. सर्वांत स्पष्ट जिथे लागेल तो त्या वटवाघळाचा मुख्य स्वर.

एवढे सगळे असूनही हूपर यांच्यासारखी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. चित्र बदलले ते १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टमुळे. या कायद्याने ब्रिटनमधल्या सगळ्या वटवाघळांना आणि त्यांच्या बसण्याच्या जागांनाही संरक्षण मिळाले. आता तिथली कितीतरी वटवाघळे राहतात घरांच्या छपरांत. लाकडाला कीड लागू नये म्हणून त्या वेळी लिंडेनसारखी विषारी औषधे फवारत, आणि त्यात वटवाघळांच्या वसाहती मरत. नव्या कायद्यानुसार छपराचे असे काही काम काढण्याआधी सरकारच्या निसर्ग संवर्धन खात्याचा सल्ला घेणे घरमालकाला भाग पडले. खात्याकडे घरोघरी जायला माणसे नव्हती. मग स्थानिक गट उभे राहिले, स्वयंसेवकांना प्रशिक्षण आणि परवाने मिळाले, आणि शनिवार-रविवारी शिडी-विजेरी घेऊन अनोळखी माणसांच्या माळ्यावर चढणे हे शिक्षक, टपाल कर्मचारी, निवृत्त मंडळी यांचे काम झाले. घाबरलेल्या घरमालकाची समजूत काढणे हा त्या कामाचा मोठा भाग. मोजणी त्याच्या ओघात आली.

या गटांच्या पायावर १९९६ मध्ये राष्ट्रीय वटवाघूळ निरीक्षण कार्यक्रम उभा राहिला. बॅट कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट तो चालवतो. त्यातली रीत पाहण्यासारखी आहे, कारण नवख्या माणसालाही जमेल आणि आकडे तरी विश्वासाचे निघतील असा मेळ तिथे घातला आहे. पाण्यालगत उडणाऱ्या डॉबेन्टन्स वटवाघळांसाठी नदीकाठचा एक किलोमीटरचा पट्टा घ्यायचा, त्यावर दहा थांबे ठरवायचे, सूर्यास्तानंतर चाळीस मिनिटांनी सुरुवात करायची, प्रत्येक थांब्यावर चार मिनिटे उभे राहून विजेरीच्या झोतातून किती वेळा वटवाघूळ गेले ते मोजायचे, आणि हे ऑगस्टमध्ये दोनदा. किती वटवाघळे आहेत, हे यातून कळत नाहीच. एकच प्राणी दहा वेळा जाऊ शकतो. पण तोच काठ, तोच महिना, तीच वेळ अशी वर्षानुवर्षे पाळली की वाढ की घट हे कळते. आकड्याचा मोह सोडून कल पकडायचा, हे या मोजणीतले खरे शहाणपण.

त्याच दशकात डिटेक्टरवाल्यांच्या रोजच्या एका अनुभवाला शास्त्रीय उत्तर मिळाले. ब्रिटनमधले सर्वांत सामान्य वटवाघूळ, पिपिस्ट्रेल, काही ठिकाणी ४५ किलोहर्ट्झच्या आसपास ऐकू येई, काही ठिकाणी ५५ च्या. १९९३ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी या दोन वेगळ्या जाती असाव्यात असे मांडले आणि ते खरे निघाले. अमेरिकेतही एक महत्त्वाचा धागा हौशी माणसाकडूनच आला. लाखो वटवाघळे मारणाऱ्या ‘व्हाइट-नोज सिंड्रोम’ या बुरशीजन्य रोगाचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या गुहेत एका गुहाभटक्याने काढलेले छायाचित्र.

आता भारत. इथे हौशी निसर्गाभ्यासाची परंपरा जुनी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी मुंबईत स्थापन झाली १८८३ मध्ये, आणि १९११ मध्ये तिने सुरू केलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीला सभासदांच्या वर्गणीचा मोठा आधार होता. मुंबई इलाख्यातले निवृत्त वनाधिकारी रॉबर्ट रॉटन हे या पाहणीचे मोठे आधारस्तंभ. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत मिळालेल्या एका वटवाघळाला १९१३ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. पुढची कित्येक दशके ही जात जगात फक्त त्या एका गुहेतून माहीत होती. महाराष्ट्रातही काम झाले, पण ते प्रयोगशाळेत आणि लेण्यांत: नागपुरात ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वटवाघळांच्या प्रजननावर अनेक दशके संशोधन केले, तर आंद्रे ब्रोसे या फ्रेंच अभ्यासकाचे मध्य आणि पश्चिम भारतातल्या वटवाघळांवरचे लेख १९६२ पासून सोसायटीच्या नियतकालिकात आले. सामान्य माणसाला यात काही भूमिका नव्हती.

आणि मग १९७२. आजच्या तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यातल्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन या मळेवाल्या हौशी निसर्गप्रेमीने १९४८ मध्ये एक फलाहारी वटवाघूळ पकडून सोसायटीकडे दिले होते. ते साध्या, सर्वत्र आढळणाऱ्या जातीचे समजून संग्रहात पडून राहिले. किट्टी थोंगलोंग्या या थाई जीवशास्त्रज्ञाने १९७० मध्ये तो नमुना तपासला, तर तो केवळ नव्या जातीचाच नव्हे, तर नव्या प्रजातीचा (जीनसचा) निघाला. १९७२ मध्ये त्याला सालिम अलींचे नाव मिळाले: लॅटिडेन्स सालिमअली. त्याच वर्षी संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा केला आणि त्याच्या पाचव्या परिशिष्टात फलाहारी वटवाघळांना उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत उपद्रवी म्हणून बसवले. देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षीतज्ज्ञाचे नाव मिरवणारा प्राणी आणि मुक्तपणे मारायला मोकळा प्राणी एकाच गटातले! सालिम अलींचे वटवाघूळ आणि रॉटन यांचे कीटकभक्षी वटवाघूळ पुढे सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात गेले, बाकीची फलाहारी पाचव्यातच राहिली. पेरू, चिकू, द्राक्षांच्या बागांतले नुकसान खरे आहे आणि बागाईतदाराचा राग समजण्यासारखा आहे. पण फुलांचे परागीभवन, बी दूरवर टाकणे हा जमाखर्चाचा दुसरा रकाना कायदा करताना कोरा राहिला.

ब्रिटनमध्ये कायद्याने प्रत्येक छपराखाली एका स्वयंसेवकाची गरज निर्माण केली. इथे गरजच नव्हती, तर माणसे कशासाठी जमतील? जी परंपरा होती ती कायद्याबाहेरची, गावातली. मदुराईजवळच्या पुलियंगुलम गावात एका वडावर फलाहारी वटवाघळांची वसाहत आहे. ते झाड देवाचे मानतात आणि वटवाघळांना हात लावत नाहीत.

दक्षिण आशियातली स्वयंसेवी मोजणी सुरू झाली ती अशाच झाडांपासून. कोइम्बतूरच्या झू आउटरीच ऑर्गनायझेशनने चालवलेल्या वटवाघूळ अभ्यासकांच्या जाळ्याने २००५ मध्ये ‘टेरकाउंट’ हा उपक्रम काढला. टेरोपस म्हणजे आपले मोठे फलाहारी वटवाघूळ, पंख पसरले की मीटरभराहून जास्त. निवड हुशारीची होती. हा प्राणी दिवसाढवळ्या वड, चिंच, निलगिरीवर उघड लटकतो, वर्षानुवर्षे तीच झाडे धरून राहतो, आणि त्याला मोजायला डिटेक्टर लागत नाही. दुर्बीण, वही आणि मान वर करून उभे राहण्याची तयारी पुरते. दिवसा फांदीनिहाय मोजले तर पानाआडची सुटतात. संध्याकाळी उडताना मोजले तर घिरट्या घालून परत येणारी दोनदा धरली जातात. म्हणून दिशा वाटून घ्यायच्या, रीत दरवेळी तीच ठेवायची, आणि आकड्याबरोबर झाड कोणते, तोड झाली का, फटाके वाजतात का, हेही लिहायचे. मादीला वर्षाला सहसा एकच पिल्लू होते. एक जुने झाड गेले की ती तूट लवकर भरून निघत नाही.

यानंतर भीती आली. २०१८ मध्ये केरळातल्या कोळिकोडमध्ये निपा विषाणूची साथ, २०२० मध्ये कोरोना, पुढच्याच वर्षी महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाच्या खुणा सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे संशोधन. झाडे तोडा, पळवून लावा अशा मागण्या झाल्या. कोरोनाकाळात जगभरच्या तज्ज्ञांनी वटवाघळे हाताळण्याचे काम थांबवायला सांगितले, तेही माणसाकडून त्यांना लागण होऊ नये म्हणून. लांबून पाहणाऱ्याला धोका नगण्य. हात न लावणे, वसाहतीखाली उष्टी फळे न उचलणे, गुहेत उगाच न शिरणे एवढे पाळायचे.

२०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांचे ते परिशिष्टच कायद्यातून गेले. बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. पण ब्रिटनमध्ये संरक्षणाबरोबर आलेली स्वयंसेवकांची, परवान्यांची, प्रशिक्षणाची साखळी इथल्या दुरुस्तीत नाही. कीटकभक्षी वटवाघळांची अडचण तर निराळीच आहे. २०१७ पासून मिळणाऱ्या ऑडिओमॉथसारख्या स्वस्त रेकॉर्डरने पुण्यातल्या गच्चीवरूनही रात्रभराचे आवाज टिपता येतात, पण तो आवाज कोणाचा हे सांगायला स्थानिक जातींच्या आवाजांचा संग्रह हवा. तमिळनाडूतल्या वालपराई परिसरातल्या वटवाघळांसाठी असे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सह्याद्रीचा उत्तर भाग, विदर्भ, मराठवाडा यांच्यासाठी तसे संग्रह जितके भरतील तितका गच्चीवरच्या नोंदींना अर्थ येईल. तोवर स्वयंसेवकाच्या हातून होणारे सर्वांत भरवशाचे काम म्हणजे गावातले वटवाघळे लटकलेले झाड शोधून, दरवर्षी त्याच महिन्यात मोजून, तारखेसह लिहून ठेवणे.