तिखटमीठ लावलेला पाय

गेल्या रविवारी गिरगाव चौपाटीवर भेळ खाता खाता भाचीचा हात मध्येच थांबला. कडक पुरीवर घेतलेली भेळ तशीच हवेत. "मामा, दोनशे सत्तावीस म्हणजे बावीस छेद सात! मधली रेघ तेवढी खाल्लीय."

ती दहावीत आहे आणि सध्या यान मार्टेल यांची 'लाइफ ऑफ पाय' वाचतेय. पुस्तक घरात आलं त्या दिवशी नाव ऐकून तिच्या आजीने "कुणाच्या पायाला काय झालं?" असं विचारलं होतं. मराठीत ही पंचाईत आहेच. आमच्या सरांनी फळ्यावर पाय (π), म्हणजे परीघ भागिले व्यास या संख्येचं ग्रीक अक्षर पहिल्यांदा काढलं, दोन उभ्या काड्या आणि वर आडवी दांडी, तेव्हा "सर, याला खरंच दोन पाय आहेत" असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं होतं आणि अख्खा तास वाया गेला होता.

कादंबरी 2001 सालची, तिला 2002 चं बुकर मिळालं. 2012 मध्ये आंग ली यांनी तिच्यावर सिनेमा केला, त्यामुळे कथा बहुतेकांना ठाऊक आहे. पाँडिचेरीच्या प्राणिसंग्रहालयाच्या मालकाचा मुलगा, पॅसिफिकमध्ये बुडालेलं जहाज, आणि एका लाइफबोटीत तो व रिचर्ड पार्कर नावाचा वाघ. किनारा लागेपर्यंत 227 दिवस जातात.

मुलाचं खरं नाव पिसीन मोलिटोर पटेल. या नावाचा पोहण्याचा तलाव पॅरिसमध्ये खरोखर आहे, 1929 साली सुरू झालेला. फ्रेंचमध्ये पिसीन म्हणजेच पोहण्याचा तलाव. पण वर्गातल्या पोरांना फ्रेंचशी काय देणंघेणं? त्यांनी ते नाव इंग्रजीतल्या लघवीच्या शब्दाशी जुळवलं आणि मुलाला नको नको करून सोडलं. मग नव्या शाळेत पहिल्याच दिवशी तो उठतो, फळ्यावर नाव लिहितो, पहिल्या दोन अक्षरांखाली रेघ मारतो, शेजारी पाय बरोबर 3.14 असं लिहितो, एक मोठं वर्तुळ काढतो आणि व्यास मारून त्याचे दोन तुकडे करतो. प्रत्येक तासाला, प्रत्येक शिक्षकासमोर हाच कार्यक्रम. चिडवण्यातून सुटायला गणिताच्या आडोशाला गेलेला हा मला तरी माहीत असलेला एकमेव मुलगा. आम्ही उलट्या दिशेने पळायचो.

इंग्रजी वाचकाला इथे एक जास्तीची गंमत मिळते. पाय ही इर्रॅशनल संख्या, आणि त्या शब्दाचा रोजचा अर्थ बुद्धीला न पटणारं. वाघाबरोबर सात महिने समुद्रावर काढल्याची हकीकत सांगणाऱ्या माणसाला ते नाव चपखल बसतं. मराठीत हा श्लेष हरवतो, पण बदल्यात जे हाती येतं ते मला जास्त आवडतं. आपण त्या संख्येला अपरिमेय म्हणतो, म्हणजे जिचं माप निघत नाही ती. गणितातही नेमकं हेच घडतं. व्यास आणि परीघ दोन्ही पूर्ण वेळा मोजेल अशी एकही पट्टी नाही. कितीही बारीक खुणांची आणा, दोघांपैकी एक कुठेतरी दोन खुणांच्या मध्ये पडणारच. अठराव्या शतकात योहान लॅम्बर्ट यांनी हे सिद्ध केलं.

मग बावीस छेद सात कुठून आलं?

तव्यावरून सांगतो. घरातला भाकरीचा तवा काठापासून काठापर्यंत 28 सेंटिमीटर भरला. तेवढी सुतळी कापली आणि काठाला लावत गेलो. तीनदा लावली तरी फेरा पुरा होत नाही, थोडी फट उरते. ती फट मोजली तर जेमतेम चार सेंटिमीटर, म्हणजे सुतळीचा सातवा हिस्सा. तीन पूर्णांक एक सप्तमांश, अर्थात बावीस छेद सात. स्वयंपाकघरात याहून जास्त अचूकपणा मिळत नाही आणि लागतही नाही.

शाळेत मात्र या सोयीचा अतिरेक झाला. आमच्या पुस्तकातल्या सगळ्या विहिरींची त्रिज्या 7 मीटर, नाहीतर 3.5, फार तर 14. मैदानाच्या कोपऱ्यात खुंट्याला बांधलेल्या घोड्याची दोरीसुद्धा 7 मीटरचीच. सातने भाग जावा आणि उत्तर सुटसुटीत यावं एवढ्यासाठी महाराष्ट्रभर विहिरी एकाच मापाच्या खणल्या गेल्या. गणिताखाली कंसात 'पाय बरोबर बावीस छेद सात घ्या' असं असायचं. त्यातला 'घ्या' आम्ही कधी वाचलाच नाही. दहावी झाल्यावरही निम्म्या वर्गाला पाय म्हणजेच बावीस छेद सात असं वाटत होतं.

ते दोन वेगळे आहेत. बावीस भागिले सात केलं की 3.142857 येतं आणि पुढे 142857 हेच सहा अंक जन्मभर फिरत राहतात. अनंत असले तरी वेळापत्रकाने चालणारे. हजारावा अंक कोणता ते सातवीतला मुलगाही सांगेल. पाय मात्र 3.14159265 असा निघतो आणि पुढे कुठेही अशी फेरी धरत नाही. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात वर्तुळाच्या आत आणि बाहेर 96 बाजूंच्या बहुभुजाकृती बसवून दाखवलं की पाय हा 223 छेद 71 पेक्षा मोठा आणि बावीस छेद सातपेक्षा लहान आहे. शेवटचे शब्द पुन्हा वाचा. बावीस छेद सात नेहमी खऱ्यापेक्षा किंचित जास्त असतो. किती? दहा हजारांत साधारण चार भाग. 227 दिवसांच्या हिशेबात बघायचं तर दोन तासांच्या आसपास.

चौपाटीवरच्या त्या शोधावर माझं म्हणणं एवढंच होतं. मुलाचं नाव पाय आहे, पण त्याच्या गोष्टीची लांबी बावीस छेद सात आहे. खऱ्या संख्येला जरासं तिखटमीठ लावून, सांगता येईल अशी केलेली संख्या. कादंबरीच्या शेवटी त्याच प्रवासाची वाघाशिवायची दुसरी हकीकत येते आणि कुठली पसंत ते ऐकणाऱ्याला विचारलं जातं. (एवढं सांगितल्याने मजा जात नाही, असं माझं मत, भाचीचं नाही.) लेखकाने 227 मुद्दाम निवडला असणार असं मला वाटतं. 225 किंवा 230 लिहिलं असतं तरी वाघाचं काही बिघडलं नसतं. शिवाय रेघ काढून टाकलेली 227 ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. पण इथून पुढे गेलो तर मी आकड्यांत भविष्य शोधणाऱ्यांच्या पंगतीला बसेन.

खरं आणि सोयीचं यांतला हा फरक आपल्याकडच्या जुन्या गणितींनी फार नीट शब्दांत धरलाय. आर्यभटाने 499 साली पायची किंमत 62832 छेद 20000 म्हणजे 3.1416 दिली आणि तिला 'आसन्न' म्हटलं, जवळपासची. भास्कराचार्य, ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, त्यांनी 1150 च्या 'लीलावती'त दोन किमती दिल्या. 3927 छेद 1250 ही 'सूक्ष्म'. बावीस छेद सात ही 'स्थूल', आणि तिला पुढे विशेषण लावलं 'व्यवहारयोग्य'. आमच्या विहिरींच्या गणिताखाली हाच शब्द छापला असता तर किती बरं झालं असतं.

त्याच श्लोकात 3927 हा आकडा आकडा म्हणून येतच नाही. येतात ते शब्द: भ, नंद, अग्नी. भ म्हणजे नक्षत्रं, ती 27, नंद नऊ, अग्नी तीन. अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे, की झाले 3927. केरळात तर यापुढची मजल होती. कटपयादी नावाच्या रीतीत प्रत्येक व्यंजनाला एक अंक असतो: क, ट, प, य म्हणजे एक, त्यांच्या पुढची ख, ठ, फ, र म्हणजे दोन, असं करत जायचं. जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन तेवढं धरायचं आणि अनुस्वार सोडून द्यायचा. 'करणपद्धती' या ग्रंथात एक शब्द आहे: चण्डांशुचन्द्राधमकुम्भिपाल. भाचीने भेळेच्या कागदावर मांडून बघितलं. च सहा, ड तीन, श पाच, पुन्हा च सहा, र दोन, ध नऊ, म पाच, क एक, भ चार, प एक, ल तीन. आता उलटं वाचा: 31415926536. पायचे पहिले अकरा अंक, शेवटचा जवळच्या अंकात नेलेला. पाँडिचेरीच्या मुलाने संख्येचं नाव घेतलं. इथे संख्येलाच सूर्यचंद्राचं नाव दिलंय. त्याच रीतीने 'पटेल' मांडला तर 311 येतात, त्यात काही राम नाही.

कादंबरीतल्या पायची स्वतःच्या नावाबद्दल एक तक्रार आहे: ही संख्या संपतच नाही. त्याला आकार हवा असतो, आणि आपली गोष्ट बरोबर शंभर प्रकरणांत सांगता येईल का असं तो विचारतो. पुस्तकात मोजून शंभर प्रकरणं आहेत. संपत नाही म्हटल्यावर लोक पायबद्दल काहीही सांगतात. त्यात तुमचा मोबाइल नंबर आहे, जगातली प्रत्येक गोष्ट आकड्यांत लिहिलेली सापडेल, वगैरे. हे अजून कुणीही सिद्ध केलेलं नाही. पायमध्ये शून्य ते नऊ हे अंक शेवटपर्यंत सारख्याच प्रमाणात येतात का, एवढासुद्धा प्रश्न सुटलेला नाही. संपत नाही म्हणजे सगळं सामावतं असं नव्हे. फक्त एक आणि शून्य वापरूनही न संपणारी, फेरी न धरणारी संख्या लिहिता येते. 227 मात्र पायमध्ये आहे, दशांशचिन्हानंतर 484व्या जागेपासून. त्यात चमत्कार नाही, चिठ्ठ्या टाकून अंक लिहीत गेलो तरी तीन अंकी कुठलाही आकडा सरासरी हजार जागांत एकदा भेटतो.

भेळ संपली तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. भाचीने पुस्तकातला एक विचार सांगितला, की समुद्रात एकट्या पडलेल्या माणसाभोवती कायम एक वर्तुळ असतं आणि तो कितीही वाहत गेला तरी मध्यबिंदूवरच असतो. ते वर्तुळ केवढं असेल, हे मोजता येतं. डोळ्यांची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, 3.57 ने गुणा. क्षितिज तेवढे किलोमीटर दूर. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यापलीकडचं पाणी दिसत नाही. वाळूवर उभं राहिलेल्या माझ्या डोळ्यांना सुमारे साडेचार किलोमीटर. तराफ्यावर बसलेल्या मुलाचे डोळे पाण्यापासून मीटरभर वर धरले, तर त्याची त्रिज्या 3.57 किलोमीटर, व्यास 7.14, परीघ 22.4. सात आणि बावीस! मीटर आणि किलोमीटर या मापांचा हा निव्वळ योगायोग, पण दोघंही खूश झालो.

बसायला जागा मिळावी म्हणून चर्नी रोडला न चढता मरीन ड्राइव्हवरून चालत चर्चगेटला गेलो. अंधेरी स्लो मिळाली. मी तिला म्हटलं, तुझ्या पायचा व्यास महालक्ष्मी आणि लोअर परळच्या मध्ये कुठेतरी संपेल, आणि परीघ सरळ केला तर अंधेरी स्टेशनाच्या थोडा पुढे जाईल. म्हणजे तो सात महिने ज्या रिंगणात अडकला होता, ते आपल्या रोजच्या प्रवासाएवढं.

ती मोबाइलवर काहीतरी करत होती. विलेपार्ले गेल्यावर मान वर केली. "बावीस छेद सातने काढला ना परीघ, तर चूक नऊ मीटरची येते." लोकलचा डबा साधारण वीस मीटरचा. अंधेरीला गाडी थांबली तेव्हा तिने दारातून मागे फलाटाकडे बघत पावलांनी अर्धा डबा मोजायला सुरुवात केली, आणि मागून लोक ओरडायला लागले.