चार ट्रॅकची कॅसेट साध्या डेकवर का वाजत नाही

चार ट्रॅकवर भरलेली जुनी कॅसेट घरच्या साध्या डेकमध्ये लावली, की निम्मी वाद्यं गायब असतात, उरलेली बहुधा निम्म्या वेगाने रेंगाळतात, आणि बाजू पालटली तर गायब झालेली वाद्यं उलटी ऐकू येतात. टेप खराब झालेली नसते. ती त्या डेकसाठी भरलेलीच नसते.

फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट मुख्यतः बोलणं टिपायला होती. फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टिरिओ आल्यावर तिच्यावर चार पट्टे, म्हणजे ट्रॅक, झाले, दोन ए बाजूचे, दोन उलट दिशेने चालणारे बी बाजूचे. साध्या डेकवर एका वेळी दोनच वाजतात. एकावर एक वाद्य चढवायचं काम मात्र स्टुडिओतल्या महागड्या रीलच्या मशीनवरच चाले. १९७९ मध्ये टीअ‍ॅकने टॅस्कॅम नावाखाली ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर काढला. चारही पट्टे एकाच दिशेने, वेग दुप्पट, आवाज एकत्र मिसळायचा मिक्सर त्याच पेटीत. साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटं मावत, पण घरबसल्या काम होई. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या घरी याच मशीनवर कच्ची गाणी भरली. बँडबरोबर ती पुन्हा करून पाहिली, जमली नाहीत. शेवटी त्या कॅसेटचाच ‘नेब्रास्का’ हा अल्बम झाला.

अडचण पुढे वाढली ती कंपन्यांच्या आपापल्या चालींमुळे. टेपची खरखर कमी करायला (नॉइज रिडक्शन) १४४ मध्ये डॉल्बी ही पद्धत होती, नंतरच्या २४४ मध्ये डीबीएक्स. डीबीएक्स भरताना आवाजाचा चढउतार निम्मा करतं आणि वाजवताना पुन्हा ताणतं, त्यामुळे हेडवरच्या, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावरच्या, मळाने आवाज थोडा पडला तरी ती चूक दुप्पट होऊन बाहेर येते. फोस्टेक्स कंपनीचं एक्स-१५ तर साध्याच वेगाने चाले. शिवाय फितीचा वेग थोडा कमीजास्त करणारं पिच कंट्रोलचं बटण! ते भरताना कुठे ठेवलं होतं, हे लेबलवर लिहायचं बहुतेकांना सुचत नसे.

म्हणून आज टेपा संगणकावर घ्यायच्या तर ज्यावर भरल्या तेच मशीन, किंवा त्याच वेगाचं आणि त्याच नॉइज रिडक्शनचं दुसरं, हवं. बंद पडलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा बेल्ट गेलेला असतो. जुनं रबर डांबरासारखं वितळून पुलीला चिकटतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट पुसून काढल्याशिवाय नवा बेल्ट चढवणं व्यर्थ. गुळगुळीत झालेला पिंच रोलर, म्हणजे फीत दाबून पुढे ओढणारं रबरी चाक, तोही बदलता येतो. हेडला खोल चर पडली असेल तर मात्र खर्च करण्यात अर्थ नाही, दुसरं मशीन शोधावं.

मशीन विकत घेताना मागचे आउटपुट मोजून घ्यावेत. काही स्वस्त मॉडेलांना चार वेगळे आउटपुटच नसतात. मग एक ट्रॅक डावीकडे, एक उजवीकडे असे दोन-दोन करून दोनदा टेप चालवावी लागते. मोटरचा वेग दोन्ही वेळा तंतोतंत सारखा राहत नाही, म्हणून गाणं सरतासरता ढोल आणि गिटार सुटे पडतात आणि संगणकावर ते तुकड्या-तुकड्याने जुळवत बसावं लागतं.